आत्याचा मान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या लेस्टरच्या घरमालकिणीकडे बोट दाखवतो. आईवडिलांनी जन्म दिला, शिकवलं. ते उपकारांत धरायचं नसतं. पण परक्या देशात, काही नातं नसताना जे झालं ते या बाईंनी केलं. मी त्यांना बाईच म्हणतो. आमच्या तालुक्याच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला बाई म्हणायची पद्धत होती, आणि मला यांनी शिकवलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आयुष्यभर लोकांनी त्यांना न विचारता त्या कोण हे ठरवलं. निदान नाव तरी त्यांना न विचारता छापलं जाऊ नये.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. पुढच्या शिक्षणासाठी मी लेस्टरला आलो तेव्हा बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या एका गल्लीत बाईंच्या घरी वरची खोली मिळाली. बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. आधी मोज्यांच्या कारखान्यात आणि नंतर बरीच वर्षं एका प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायच्या कामावर होत्या. नवरा कधीच गेलेला. घरात त्या, एक म्हातारं मांजर आणि मी.

माझा प्रबंध त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. विषय त्यांना कळत नव्हता, पण वाक्य लांबलं की त्या हातातला काटा खाली ठेवायच्या. काटा खाली गेला की मी वाक्य तोडायचं. नोकरीच्या मुलाखतीची तयारीही त्यांनीच करून घेतली. मी प्रत्येक उत्तराच्या शेवटी "सर" म्हणत होतो.

"ते तुझे सर नाहीत, डक," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुला अजून नोकरीसुद्धा दिलेली नाही." लेस्टरची जुनी माणसं कुणालाही प्रेमाने डक म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं, आपण बदकासारखे चालतो की काय.

नोकरी मिळाली, एका रुग्णालयाच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. त्या दिवशी बाईंनी मांजरालाही ट्यूना दिला.

बाईंचे वडील काळे अमेरिकन सैनिक होते. महायुद्धात त्यांची तुकडी या भागात होती. आई मोज्यांच्याच कारखान्यातली गोरी मुलगी. दोघांना लग्न करायचं होतं, पण वडिलांच्या वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. त्यांना समुद्रापार परत पाठवलं आणि बाई जन्मल्या तेव्हा आई एकटी होती. आजोबांनी बाळ घरात घेतलं नाही. बाई अनाथाश्रमात वाढल्या. रविवारी मुलं दत्तक घ्यायला जोडपी यायची. मुख्य बाई सगळ्या मुलांना ओळीत उभं करायची आणि टोकाच्या चौघांकडे हात करून म्हणायची, "आणि ही आमची हाफ-कास्ट मुलं." पाहुणे मान डोलवायचे आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे परत जायचे.

"वाईट म्हणून नाही म्हणायची ती," बाई सांगायच्या. "बटाटे आणि ही गाजरं, तसं म्हणायची. तिला वाटायचं ते आमचं नावच आहे."

हे त्यांनी मला कधी बसवून सांगितलं नाही. भांडी विसळताना, बसची वाट बघताना, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. इतर शब्दही असेच कळले. एकदा सकाळी मी चहासाठी फ्रीज उघडला. आत दुधाचे तीन डबे होते, कारण मला सायीचं लागायचं, बाई अर्ध्या सायीचं घ्यायच्या आणि मांजराला डॉक्टरांनी बिनसायीचं सांगितलं होतं. बाई माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "ओळख करून देते. निळं झाकण माझा बाप. हिरवं मी, मुलॅटो. लाल झाकण क्वाड्रून. आणि त्या लालमध्ये कुणी पाणी घातलं तर ऑक्टरून."

मला एकही शब्द माहीत नव्हता. त्यांनी चहा गाळेपर्यंत समजावलं. आईबापांत एक आफ्रिकी वंशाचा, एक युरोपी, तर मूल मुलॅटो. त्या मुलाचं मूल गोऱ्यापासून झालं तर क्वाड्रून, म्हणजे चौथा हिस्सा. त्याच्या पुढचं ऑक्टरून, आठवा. ज्या बेटांवर आणि मळ्यांवर माणसं विकली जायची तिथे हे शब्द चालायचे. पहिला शब्द खेचरावरून आला असं बरेच जण सांगतात. इकडे इंग्लंडात एवढी बारीक वाटणी करायचा कंटाळा होता, इथे सगळ्यांना एकच, हाफ-कास्ट.

"पण बाई, निळं झाकण म्हणजे पूर्ण साय. मग तुमचे वडील साय झाले."

"मग काय झाले असते? त्यांनी साय कुणाला म्हणायचं आणि पाणी कुणाला, ते उलटं ठरवलं होतं, एवढंच."

त्यानंतर आमच्या घरात दुकानाच्या यादीत दूध असं कधी म्हटलं गेलं नाही. "बाप संपलाय" असं म्हटलं की मी निळ्या झाकणाचं आणायचो.

एकदा त्यांनी मला विचारलं, तुझी कास्ट कुठली? कुणा गुजराती शेजारणीकडून त्यांना एवढं कळलं होतं की आम्हा लोकांत ती असते. मला आमची शाळा आठवली. वर्षाच्या सुरुवातीला मास्तर वर्गात यायचे आणि म्हणायचे, "सवलतीवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. बाकीचे बसलेले असायचे आणि वर बघायचे. मास्तरही वाईट म्हणून म्हणत नव्हते. त्यांना यादी पुरी करून वर पाठवायची असायची. मी बाईंना ते सांगितलं. त्यांनी टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा केले.

"म्हणजे मी अर्धी आणि तू पूर्ण," त्या म्हणाल्या. "तरी तुलाच उभं राहायला लागलं."

माझी जात मी इथेही लिहीत नाही. लिहिली की वाचणारा आधी मला त्या खणात ठेवेल आणि मग पुढचं वाचेल. त्याने खणाशिवाय वाचावं.

पुढे माझं लग्न झालं. बायको पुण्याची, कंपनीच्या व्हिसावर लंडनजवळ इल्फर्डला होती, ती लेस्टरला आली. आम्ही बाईंच्या शेजारच्याच गल्लीत भाड्याने घर घेतलं, कारण मला त्यांच्यापासून लांब जायचं नव्हतं. आणि मागच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बाळंतपणाला माझी आई आली. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. विमान, सरकते जिने, कार्डाने उघडणारी दारं हे सगळं आईने निमूटपणे पार केलं आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, बारसं कधी करायचं.

बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं, तो तिचा मान. मला एकच बहीण, माझ्याहून मोठी, आणि तिच्या लेकीची दहावीची परीक्षा. ती येऊ शकत नव्हती. आईचं म्हणणं पडलं, इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाही आत्या करू, परदेशात चालतं. मी म्हणालो, कुणालाही कशाला, बाई आहेत. बायको लगेच हो म्हणाली. ताईला फोन केला तर ती तिकडून म्हणाली, "अरे, तुला परदेशात ज्यांनी जेवू घातलं त्या ना? माझा मान मी त्यांना दिला. पण साडी मात्र मला पाहिजे." आई काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे दोन-तीन प्रकार आहेत, हा त्यांतला काळजीचा होता.

मी बाईंना विचारायला गेलो. काय करायचं ते सगळं सांगितलं. पाळणा असतो, दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात. आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून इकडून तिकडे देतात, मग बाळाला. मग आत्या वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. आणि ती वाकलेली असतानाच बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

"थांब," बाई म्हणाल्या. "तुम्ही लोक आत्याला मारता?"

"मान म्हणून. थट्टेने."

"शाळेत मला फुकट मारायचे," त्या म्हणाल्या. "मान म्हणून कुणी मारलं नाही अजून."

त्या हो म्हणाल्या. वरवंटा आमच्याकडे नव्हता, तर त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होताना मिळालेलं संगमरवरी लाटणं देऊ केलं. ते वरवंट्याएवढंच जड आहे. मुलीच्या नावात एक ळ आहे. तो जमावा म्हणून बाई रोज सकाळी सिंकपाशी उभ्या राहून म्हणत बसायच्या. बायको शिकवायला जायची आणि हसून परत यायची. त्या वयात जीभ तशी वळत नाही, पण शेवटी वळली. मला एकदा त्यांच्या दाराबाहेरून ऐकू आलं, त्या मांजराला त्या नावाने हाका मारत होत्या.

अडचण आली ती एका डॉक्टरांकडून. हे आमच्या मंडळातले सगळ्यांत जुने सदस्य. तरुणपणी इथल्या रुग्णालयांत नोकरीला आले, इथेच निवृत्त झाले. भला माणूस. मी विद्यार्थी असताना गणपतीला जेवायला बोलावून डबाही बांधून द्यायचे. कार्यक्रमाला चर्चच्या मागचा हॉल त्यांच्याच ओळखीने मिळाला होता. बारशाचं ठरवायला मी आणि आई त्यांच्या घरी गेलो, तर काकूंनी चहा दिला आणि डॉक्टरांनी विचारलं, आत्या कोण? मी सांगितलं.

"ती तुझी घरमालकीण?" डॉक्टर म्हणाले. "ती हाफ-कास्ट बाई?"

मी म्हणालो, काका, तो शब्द आता कुणी वापरत नाही.

"अरे, त्यात वाईट काय? आमच्या काळात पेशंटच्या नोट्सवरसुद्धा लिहायचो. साधा शब्द आहे. काळी म्हणावं तर ती काळी नाही, गोरी म्हणावं तर गोरी नाही. मग काय म्हणायचं?"

मी म्हणालो, आत्या म्हणायचं.

काकूंनी कपात चमचा ढवळला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला समजावलं. धार्मिक कार्य आहे, लोक येणार, त्यांना प्रश्न पडणार, त्या कोण, कुठल्या, काय खातात. आत्याच्या जागी तुझ्या काकू उभ्या राहतील, आणि त्या बाईंचा आपण हॉलमध्ये सगळ्यांसमोर गुच्छ देऊन सत्कार करू. तुझ्या मनाचंही समाधान आणि रीतीलाही धरून.

मला गुच्छाचा राग आला. शब्दाचा आला त्याहून जास्त. शब्द जुन्या सवयीने तोंडातून गेला असेल. गुच्छ विचार करून सुचला होता. मी उठून म्हणालो, "काका, तुमचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून नीट सांगतो. रीतीने आत्या कोण ठरवतं? बापाकडची माणसं. बापाकडून मी आहे आणि माझी बहीण आहे. आम्ही ठरवलंय. काकूंनी जरूर यावं, पाळण्यापाशी उभं राहावं. गुच्छ नको."

डॉक्टर म्हणाले, तुझी मर्जी. परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ते मोठे आहेत रे. उद्या तुला इथं त्यांच्यातच राहायचंय." मी म्हणालो, आई, आपल्याला गावात कुणाच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती तेव्हा तू काय म्हणायचीस? ती म्हणाली, "काही म्हणत नव्हते. उभी राहत होते."

बाईंना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्यांच्यापासून काही लपत नाही. मी लाटणं आणायला गेलो तर त्यांनी खुर्ची पुढे ढकलली.

"मी कोण आहे, असं विचारलं ना त्यांनी?"

मी हो म्हणालो.

"कुठला शब्द काढला?"

मी सांगितला. त्या हसल्या. "तो? मला वाटलं तो माझ्याआधी मेला." मग त्या लाटण्यावरून फडकं फिरवू लागल्या, ते आधीच स्वच्छ होतं. "हे बघ, डक, मला घरी जायला घर आहे. तुला त्या लोकांत राहायचंय, पोरीला त्यांच्यात वाढवायचंय. मी मागे बसेन. टोपी घालून येईन, केक खाईन. मला मागे बसायची सवय आहे. आणि एक सांग. ती मोठी होईल, तिला कुणीतरी माझ्याबद्दल तो शब्द ऐकवेल, आणि ती येऊन तुला विचारेल, आत्या नेमकी कोण आहे? तू काय सांगणार?"

मी एवढंच म्हणालो, "बाई, तुम्ही मागे बसलात तर बारसं होणार नाही. पोर बिननावाची राहील. शाळेत तिला उभं करून कुठल्या नावाने हाक मारतील ते तुम्हाला माहीतच आहे."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "ही धमकी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरी देतोस. माझ्याकडूनच शिकलास."

बारशाला बऱ्यापैकी माणसं जमली. गुजराती मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेला पाळणा, त्याला झेंडूच्या कापडी माळा. घुगऱ्या आईने पहाटेच शिजवल्या होत्या. डॉक्टर आणि काकू आले, पहिल्या रांगेत बसले. बाई निळा कोट आणि टोपी घालून आल्या. टोपी काढायची का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, राहू द्या. ताई फोनमधून हजर होती. तो फोन बायकोच्या मैत्रिणीने पाळण्याच्या दिशेने धरला होता आणि ताई सारखी ओरडत होती की मला फक्त छत दिसतंय.

आई मात्र मागे भिंतीशी उभी होती. विधवा बाईने पाळण्यापाशी जायचं नाही, असं ती मानते. मी दोनदा बोलावलं, तर तिने हातानेच नको म्हटलं. तिला भिंतीशी बघून मला डेपोत वडिलांची वाट बघत उभी राहायची ती आठवली.

लाटण्याला टोपडं घालून ते पाळण्याखालून दिलं घेतलं. ते इतकं जड की एका मुलीच्या हातातून निसटता निसटता राहिलं आणि सगळे हसले. मग बाळाला दिलं घेतलं. बाळ झोपलेलंच. ते पाळण्यात ठेवलं. आता आत्या.

बाई पुढे आल्या. एका हाताने पाळण्याची कड धरली, दुसऱ्या हाताने टोपी, आणि वाकल्या. ओठ हलले. कुर्रर्र मला ऐकू आलं. नाव नाही आलं, ते बाळासाठी होतं.

आणि मग काहीच झालं नाही.

पाळण्याभोवती बायका उभ्या होत्या, रेशमी साड्यांतल्या, सात-आठ जणी. कुणाचा हात उठला नाही. एकीचा अर्धा उठला आणि पदर सारखा करून खाली गेला. असंही असेल की त्यांना संकोच वाटला, म्हाताऱ्या इंग्रज बाईच्या पाठीत कसं मारायचं. काहींना तसंच वाटलं असणार. पण मी डॉक्टरांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काकू मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. ज्या बाईच्या पाठीत कुणी मारत नाही ती आत्या नसते. ती पाहुणी असते. एवढं तर आमच्यातल्या पोरालाही कळतं. मी पुढे जाऊ शकत नव्हतो. बापाने आत्याला मारायचं नसतं, तो बायकांचा अधिकार.

बाई तशाच वाकलेल्या. मान न उचलता त्या म्हणाल्या, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मी वाट बघतेय. मी ऐंशीची आहे, दिवसभर वाकून नाही राहता येत."

फोनमधून ताई म्हणाली, "काय झालं? मारलं की नाही? अगं मारा की कुणीतरी."

तेव्हा आई भिंतीपासून निघाली. खुर्च्यांच्या मधून, लोकांच्या पायांवरून, ती सरळ पाळण्यापर्यंत आली. तिला इंग्रजी येत नाही. तिने बाईंची टोपी हाताने जरा बाजूला केली, आणि भाकरी थापणाऱ्या त्या हाताने बाईंच्या पाठीत असा धपाटा घातला की पाळण्याच्या माळा हलल्या. "घ्या, वन्सं," ती म्हणाली.

माझ्या बायकोला हसू फुटलं, कारण बाई वन्सं लागत होत्या त्या तिला, आईला नव्हे, आणि पुण्याला तिच्या माहेरी आता वन्सं कुणी म्हणतही नाही. तिने दुसरा घातला. मग मैत्रिणीने, फोन हातात धरूनच, त्यामुळे ताईला काही क्षण फक्त निळा कोट दिसला. मग सगळ्याच. शेवटी काकू उठल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्यांचा धपाटा हलकाच होता, पण बोटांतल्या अंगठ्यांसकट होता.

बाई सरळ झाल्या. केस विस्कटलेले, चेहरा लाल. त्यांनी माझ्या आईकडे बोट करून मला विचारलं, "ही कारखान्यात होती का?"

डॉक्टर घुगऱ्या न घेताच लवकर निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोनवर मेसेज आला, कार्यक्रम नीटनेटका झाला, रीत पाळली असती तर आणखी शोभला असता. मी उत्तर दिलं, रीत पाळली, काका, धपाट्यासकट. त्यानंतर मंडळाच्या गणपतीचं बोलावणं मला आलं नाही. आम्ही गणपती बाईंच्या स्वयंपाकघरात बसवला, आणि मोदक त्यांनी केकच्या साच्यात केले. ते फाटले. आम्ही खाल्ले.

काही महिन्यांनी मला एडिनबराच्या रुग्णालयात वरची जागा मिळाली. अर्ज लिहिताना काटा खाली ठेवायला कुणी नव्हतं, तरी मी वाक्यं तोडली. सामान हलवताना बाईंनी तो जुना प्रश्न परत विचारला नाही. पण मला त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तिथे पोचल्यावर मी ते लिहून पाठवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, इथे मराठीत देतो.

प्रिय बाई,

आम्ही नीट पोचलो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला वारा लागतो. आई इथून भारतात परत गेली. जाताना म्हणाली, वन्संना सांग, पाठ दुखत असेल तर तेल लावा.

तुम्ही विचारलं होतं की मुलगी मोठी होऊन तुमच्याबद्दल विचारेल तेव्हा मी काय सांगणार. त्या दिवशी मी उत्तराऐवजी धमकी दिली. आज उत्तर देतो.

ते शब्द मी तिच्यापासून लपवणार नाही. तिला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकू येणारच, मग आपल्या स्वयंपाकघरात ऐकलेले बरे. मी तिला फ्रीज उघडून तुम्ही शिकवलंत तसंच शिकवीन. निळं झाकण, हिरवं झाकण, लाल झाकण. ज्यांनी हे शब्द केले त्यांना माणसं विकायची होती, म्हणून त्यांना मापं लागत होती, हेही सांगीन. ओळीच्या टोकाला उभ्या केलेल्या चार मुलांबद्दल सांगीन. आमच्या वर्गात कोण उभं राहायचं तेही सांगीन. त्या सगळ्यातून तिला हे शब्द करणारे लोक कसे होते ते कळेल. तुम्ही कोण ते त्यातून कळणार नाही.

तुम्ही कोण ते ती विचारेल तेव्हा मी सांगीन की ही बाई तुझ्या बापाला वाक्य कुठे थांबवायचं ते शिकवायची. हिने तुझं नाव महिनाभर एका मांजराला ऐकवून पाठ केलं. भरलेल्या हॉलमध्ये कुणी हात उचलेना तेव्हा हिने वाकलेली पाठ सरळ केली नाही. आणि तू जगात आल्यावर तुझ्या कानात पहिल्यांदा तुझं नाव आलं ते हिच्या आवाजात. हे ऐकूनही कुणी तिला विचारलं की हो, पण ती नेमकी कोण, तर मी तिला तेच उत्तर शिकवून ठेवीन जे मी डॉक्टरांना दिलं, आत्या म्हणायचं. डॉक्टरांना ते पटलं नाही. तिला पटवायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही तिची आत्या झालात म्हणजे माझी बहीण झालात. वयाने तुम्ही माझ्या आजीएवढ्या आहात, पण आमच्याकडे त्याला इलाज नाही. दिवाळीत भाऊबीज असते. त्या दिवशी बहिणीने भावाला ओवाळायचं असतं आणि भावाने ओवाळणी घालायची असते. ओवाळायला ताट, दिवा सगळं इथे आहे. तुम्हाला फक्त ट्रेनमध्ये बसायचंय. स्टेशनवर मी पोरीला घेऊन उभा राहीन.

संगमरवरी लाटणं सामानात आमच्याबरोबर आलंय. चुकून आलेलं नाही. तुम्ही येईपर्यंत ते मिळणार नाही.

ही धमकी आहे.

तुमचा धाकटा भाऊ